करीच्या दिवसाची मॅच

फॉर्मवर एक चौकट होती : यजमान सामन्यासाठी सोयीची तारीख. मी तिच्यात अठ्ठावीस ऑगस्ट लिहिलं, खाली सही ठोकली आणि पाकीट आमच्या गावच्या, टेंभुर्णीच्या पोस्टात टाकलं.

तो दोन हजार तीन सालचा डिसेंबर. नवीन सालाचं कॅलेंडर अजून भिंतीवर आलं नव्हतं. तारीख मी डोक्यातनं काढली. त्या साली पोळा सत्तावीस ऑगस्टला झाला होता, अठ्ठावीसला त्याची कर. पोळ्याची कर म्हणजे आमच्याकडं असा दिवस, की बैल, मालक, मजूर, कुणीच रानात पाऊल टाकत नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधली पोरं पोळ्याला गावी येतात ती करीचं मटण खाऊनच परत जातात. पंधरा माणसं एका जागी सापडायचा वर्षातला हा एकच दिवस. तारीख लिहून मी स्वतःवरच खूश झालो होतो.

मी विहिरीवरच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार येते, तिची तार उपसायची, नवी गुंडाळायची. दहावी नापास. आणि जालना जिल्हा रग्बी संघाचा व्यवस्थापक. हसायचं असेल तर हसून घ्या, गावानं आठ वर्षं हसून घेतलंय.

रग्बी आणली काकासाहेब हवालदारांनी. फौजेतून परत येताना लोक ट्रंक आणतात, रेडिओ आणतात, यांनी लांबट चेंडू आणला. पंधरा विरुद्ध पंधरा, चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या गर्दीत घुसायचं. आमची पोरं पोती उचलून आणि लोखंड ओढून तयार झालेली, त्यांना हे लगेच कळलं. बोअरच्या केसिंग पाइपाचे दोन उंच खांब शाळेमागच्या मैदानावर दोन्ही टोकांना रोवले. झालं मैदान.

अडचण खेळायची नव्हती, कुणाशी खेळायचं ही होती. देशाच्या वरच्या गटात मोठ्या शहरांचे क्लब आणि फौजेचे संघ. तिथं आमची लायकी एका मॅचची. दोन दिवस रेल्वेत बसायचं, ऐंशी मिनिटं मार खायचा, परत दोन दिवस रेल्वे. संपलं वर्ष. म्हणून आमच्यासारख्यांसाठी ‘ब’ गट काढायचं ठरलं. एक मॅच आपल्या गावात, एक त्यांच्या गावात, असं सगळ्यांशी. याआधी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा मेला, कारण संघ ठरल्या दिवशी यायचेच नाहीत. मुंबईच्या ऑफिसातले लोक म्हणाले, लहान गावांना शिस्त नाही. मी म्हणतो, ज्याला शनिवार-रविवार सुट्टी आहे त्यानं वेळापत्रक करायचं, ज्याला सुट्टीच नाही त्याच्या गळ्यात ते बांधायचं, आणि त्यानं मोडलं की शिस्त काढायची. ही कुठली रीत?

पण तिसऱ्या वेळेला त्यांनी विचारलं होतं. ती चौकट त्यासाठीच होती. आठ संघ घेतले. नियम सरळ : ठरल्या दिवशी मैदानावर पंधरा माणसं नसली तर संघ बाद. सातच्या खाली संघ गेले तर स्पर्धा बंद, कायमची. जूनमध्ये एक संघ गळाला. राहिले सात.

जुलैत एका सकाळी मी दुकानात तार सोलत होतो. बायको, बेबीनंदा, चहा घेऊन आली.

“आईचा निरोप आलाय,” ती म्हणाली. “धोंड्याला या म्हणून. जावयाला नवे कपडे बी घेतलेत म्हणं.”

“कसला धोंडा?”

“अधिक महिना लागला न्हाई का परवा. तीन वर्षांनी येतो बिचारा, तुमच्या ध्यानात ऱ्हात न्हाई.”

चहा माझ्या हातातच राहिला. अधिक श्रावण. म्हणजे श्रावण दोन. म्हणजे पोळा पुढं गेला. मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पोळा चौदा सप्टेंबर, मंगळवार. अठ्ठावीस ऑगस्टच्या चौकटीत काहीही नव्हतं. साधा शनिवार.

एसटीडीवरून मुंबईला फोन लावला. तिकडच्या माणसानं ऐकून घेतलं. म्हणाला, ओडिशाच्या संघाची रेल्वेची तिकिटं काढून झालीत, तारीख हलणार नाही. “आणि तुम्हीच दिली होती ना तारीख?”

ठेवला फोन.

पिंपळगाव रेणुकाईला सासरवाडीत जाऊन अनारसे खाऊन आलो. एकही गोड लागला नाही. द्वारकाबाई, माझी सासू, बेबीनंदाला म्हणाली, “जावई आजारी हाय का गं?”

आमच्या पंधरात सहा जण जालन्याच्या मिलमध्ये, पाच जण पुष्पाबाईच्या बियाण्याच्या प्लॉटवर, चार जण गावातच. सोळावा माणूस नाही. मिलमधला लतीफ कप्तान. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “कारभारीभाऊ, दुसरी पाळी चारला सुरू व्हती. मॅच तीनची. मिल टेंभुर्णीत उचलून आणू का मी? खाडा झाला तर गेटावरूनच परत पाठवतेत, महिनाभर.”

मग मी पुष्पाबाईकडं गेलो. कपाशीच्या संकरित बियाण्याचा तिचा प्लॉट नाल्याच्या पलीकडं आहे. पन्नाशीची बाई, नवरा कधीच गेलेला, साठ मजूर एकटी चालवते. क्रॉसिंगचे दोन महिने ती देवाचंही ऐकत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : दुपारी तीननंतर मादी झाडाची उद्या फुलणारी कळी नखानं सोलायची, आतला नर काढून टाकायचा, खूण म्हणून लाल कागदाची पुंगळी लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीच्या नराचं फूल घासायचं. रोज. करीच्या आधी ती त्या दिवसाच्या कळ्या खुडून टाकते; एरवी एक दिवस चुकला की फूल आपलं आपणच फळतं, बियाण्यात भेसळ होते, आणि कंपनी सगळा प्लॉट नाकारते.

“पाच माणसं पाह्यजेत. एक दिवस,” मी म्हणालो.

“कोणत्या दिवशी?”

“अठ्ठावीसला.”

तिनं सोललेली कळी सोडली नाही, तशीच चिमटीत धरली. “करीच्या दिवशी देते म्हणलं व्हतं मी. अठ्ठावीसलाच करून राह्यलास का तू कर?”

“चुकलं माझं. अधिक महिना ध्यानातच न्हाई राह्यला.”

“एवढा मोठा आख्खा महिना?” ती आजूबाजूच्या बायांकडं पाहून म्हणाली. “ऐकलं का गं, याच्या ध्यानातून महिना पडला.” बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग तिचा आवाज बदलला. “हे बघ कारभारी. तुझा चेंडू उद्या बी फुगतो. माझी कळी उद्या फूल असती. तीनच्या मॅचला मी एक बी माणूस देणार न्हाई.”

“मंग कवा देता?”

“साडेअकराला नर लावून व्हतो. तीनला कळी सोलायला बसायचं. मधल्या टायमाला काय नाचायचं ते नाचा.”

मी नाल्यापर्यंत आलो आणि तिथंच थांबलो. बारा ते दीड. लतीफची पाळी चारला, दीडला जीप निघाली तर तो पोचतो. पुष्पाबाईची पोरं तीनच्या आत परत. मॅच तीनला अशक्य होती, बाराला शक्य होती.

पुन्हा मुंबई. तिकडून उत्तर आलं, वेळ बदलता येईल, पण सामन्याच्या दिवशी मैदानावर, निरीक्षक आणि समोरचा कप्तान दोघांनी मान्य केलं तरच. म्हणजे पाहुण्यांनी नाही म्हणावं, तीनपर्यंत सावलीत लोळावं, आमची चार माणसं मोजावीत आणि फुकटची मॅच खिशात घालून जावं. कोण सोडतं?

हे सगळं मी काकासाहेबांना सांगितलं होतं. ते मिशी चोळत म्हणाले, “फौजेत अशा चुकीला पाठीवर वजनाचा पिठ्ठू लावून पळवत्यात.”

“मंग पळवा.”

“तू पळतोयसच की महिनाभर.”

अठ्ठावीसला उजाडलं तेच ढगाळ. ढगाळ दिवसाला कपाशीचं नराचं फूल उशिरा उमलतं, त्याची परागाची पावडर सुटत नाही. साडेअकराचं काम एकवर जातं. मी आयुष्यात आभाळाकडं इतक्या वेळा कधी पाहिलं नाही.

नऊला पाहुणे आले. ओडिशातल्या खाणीत काम करणारी माणसं, दीड दिवस रेल्वेत अवघडलेली. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. त्यांचा कप्तान बिरसिंग मुंडा, बुटका, मान खांद्यात रुतलेली. निरीक्षक डिमेलो साहेब वेगळ्या गाडीनं आले, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. पोहे झाल्यावर मी दोघांना बाजूला घेतलं. हिंदी माझी तोडकीमोडकी, पण लपवायचं काही ठेवलं नाही. फॉर्म, पोळा, अधिक महिना, कळी, पाळी, सगळं सांगितलं. चूक माझी आहे, गावाची नाही, हेही सांगितलं.

डिमेलो म्हणाले, “हे तुम्ही फॉर्म भरताना बघायला हवं होतं.”

“हवं होतं,” मी म्हणालो. “आणि तुम्ही तारखेऐवजी विचारायला हवं होतं, तुमची माणसं कधी मोकळी असतात. तारीख कोण विचारतं? तारखेला काय कळतंय?”

बिरसिंग इतका वेळ माझ्या हातांकडं पाहत होता, तारेनं कापलेल्या बोटांकडं.

“माझी पोरं झोपलेली नाहीत,” तो हिंदीत म्हणाला. “बाराच्या उकाड्यात तुम्ही आम्हाला हरवाल.”

“हरवू शकतो.”

“आणि तीनला तुम्ही बाद.”

“हो.”

“मग राहिले सहा.” त्यानं बोटं मोजली नाहीत, हिशोब त्याचा आधीच झाला होता. “स्पर्धा बंद. मग आम्ही जिंकलो ते कुणाशी? पुढच्या साली खेळायचं कुणाशी, खाणीतल्या ट्रकशी?” मग तो माझ्याकडं वळला. “आमच्याकडं याल तेव्हा सकाळी सहाला खेळायचं. आमची पाळी नऊला लागते. कबूल?”

“चारला म्हणाल तर चारला खेळतो,” मी म्हणालो. डिमेलोंनी कागदावर वेळ बदलली, दोन्हीकडच्या सह्या घेतल्या.

साडेअकराला जालन्याची जीप आली, सहा उतरले. गावातले चार आधीच दोर लावून रेषा आखत होते. दहा. पुष्पाबाईचे पाच नाहीत. पावणेबाराला मी सायकल काढली.

प्लॉटवर सगळे वाकलेले. नराची फुलं टोपल्यात अर्धवट मिटलेली, बाया ती बोटांनी उकलून घासत होत्या. पुष्पाबाईनं माझ्याकडं न पाहता आवाज दिला, आणि चार पोरं तासातनं, म्हणजे झाडांच्या ओळीतनं, बाहेर आली, हात पँटीला पुसत.

“मच्छिंद्र?”

“त्याच्या चार तासा राह्यल्या. त्याचा हात हलका हाय, ते फूल दुसऱ्याकडून तुटतं.”

“पुष्पाबाई, चौदा माणसांनी बाद करतेत.”

“मला काय करायचं ते?” ती म्हणाली, मग पहिल्यांदा सरळ माझ्याकडं पाहिलं. “तू किती बारीक तार भरतो रे?”

“केसासारखी.”

“मंग ये इकडं. त्याला सोड.”

मी खाली बसलो. मच्छिंद्रनं मला एकदा दाखवलं, फूल कसं धरायचं, कुठं टेकवायचं, आणि सायकल घेऊन गेला तो वळूनही न पाहता. बारा वाजायला सहा मिनिटं होती. मैदान तिथून पाव कोसावर, नाला आणि शाळेची इमारत आडवी. काही दिसत नव्हतं.

मी एक फूल घासलं. दुसरं. बारा होऊन गेले असतील, शिट्टी नाही. तिसरं माझ्या हातात तुटलं. शेजारची चांगुणाबाई म्हणाली, “ध्यान कुठंय कारभारी?” मी चौथं उचललं. सायकलची चेन पडली असेल. डिमेलोंनी घड्याळ बघितलं असेल. चौदा. मी आठ वर्षं खपलो आणि आता चौदा.

मग शिट्टी आली. बारीक, लांबून. पाठोपाठ लोकांचा ओरडा.

“लागली वाटतं तुझी मॅच,” पुष्पाबाई म्हणाली. “हात चालव.”

ऐंशी मिनिटं मी मॅच शिट्ट्यांवर ऐकली. लांब शिट्टी, आखूड शिट्टी. गावाचा ओरडा दोनदा मोठा झाला. एकदा बराच वेळ सगळं शांत होतं, तेव्हा मला वाटलं कुणाची तरी मान मोडली. उठलो. पुष्पाबाईनं नुसतं पाहिलं. बसलो. चार तासा दीडच्या आत संपल्या, शेवटचं फूल मी दोनदा घासलं.

दोनच्या सुमाराला पाच जण परत आले. मच्छिंद्रच्या भुवईवर चीर, त्यावर हळद.

“काय झालं?”

“हारलो,” तो म्हणाला. “एकोणीस-सतरा. शेवटच्या मिनटाला बिरसिंगनं चेंडू रेषेपल्याड घातला.” त्यानं वाकून माझ्या तासातली फुलं पाहिली. “ही सात तुटलीत.”

“आठ,” पुष्पाबाई म्हणाली. “मोजलीत मी.”

मी शाळेकडं निघालो. डिमेलो बाकावर बसून कागद भरत होते. आमच्या बाजूला पंधरा सह्या होत्या, पंधरावी मच्छिंद्रची, तिच्यावर पिवळ्या पावडरीचं बोट उमटलेलं. पाहुणे वर्गात भिंतीला पाठ लावून झोपले होते, बुटांसकट.

डिमेलोंनी पुढच्या सालचा कोरा फॉर्म माझ्यासमोर सरकवला. तीच चौकट. सोयीची तारीख. मी पेन घेतलं आणि लिहिलं : पोळ्याच्या करीचा दिवस, पोळा कधी असेल तेव्हा. चौकटीत मावलं नाही, समासात गेलं.

“हे ऑफिसात चालणार नाही,” ते म्हणाले.

“मग त्यांना इकडं पाठवा,” मी म्हणालो. “चार तासा देतो त्यांना.”

त्यांनी कागद परत मागितला नाही, घडी घालून खिशात ठेवला. तो तिकडं कुणी वाचेल की नाही, मला माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच माहीत होतं, की सातही संघ अजून टिकून आहेत, आणि दीड महिन्यांनी सकाळी सहाला मला पंधरा माणसं ओडिशात उभी करायची आहेत. मी खिशातून विडी काढली. हाताला कपाशीचा वास येत होता. लतीफच्या पाळीचं काय करायचं, हे अजून काही सुचत नव्हतं.