डाव्या पंखाची शेवटची रांग

मी एक जुना पंख आहे, पण अजून एकदाही उडालेलो नाही. मित्रांनो, हसू नका. उडूनच वय वाढते असे थोडेच आहे? वाट पाहूनही ते वाढते, आणि माझ्यासारख्या घोर लावून घेणाऱ्याचे जरा जास्तच वाढते.

घरी बांधायच्या एका दोन आसनी विमानाचा मी डावा पंख. कारखान्यातून मी खोक्यात सुटा सुटा आलो: पत्रे, बरगड्या, एक लांब कणा आणि पिशव्या भरून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे बिनआट्यांचे खिळे. जर्मनीत, गेर्लिंगेनजवळच्या एका गावात, हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रेनर या निवृत्त शिक्षकांच्या गॅरेजमध्ये मला आकार आला. रिव्हेट ठोकणे हे दोघांचे काम. एकाने बाहेरून रिव्हेटगन चालवायची, दुसऱ्याने आत हात घालून रिव्हेटच्या शेपटीला लोखंडी ठोकळा घट्ट टेकवून धरायचा. ठोकळा नीट बसला तर शेपटी चपटी होऊन पत्रा पक्का धरते. सरकला तर ती वाकते. हा ठोकळा धरायच्या ब्रेनर यांच्या पत्नी हानेलोरे. त्यांच्या हातून माझा एकही रिव्हेट वाकला नाही.

पुढे हानेलोरे आजारी पडल्या आणि त्यातच गेल्या. माझ्या खालच्या पत्र्यावरची रिव्हेटची शेवटची रांग तेवढी राहिली होती. ब्रेनर यांनी ती एकट्याने केली. एका हातात गन, दुसरा हात माझ्या पोटात. हात पुरत नव्हता आणि मन जागेवर नव्हते. आतल्या आत शेपट्या वाकत गेल्या. मला ते कळत होते, पण सांगणार कसे? बाहेरून बघाल तर सगळी डोकी ओळीत, चकचकीत. मग माझ्यावर कापड पडले आणि कित्येक वर्षे मी तसाच उभा राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. असेल, पण त्या मुठीत काय आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याच्या जिवाला चैन नसते.

ब्रेनर यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी अर्धवट विमान विकायला काढले. घ्यायला आले पुष्कर आणि ईप्सिता. दोघे पुण्याचे. तो गेर्लिंगेनमध्ये इंजिनियर, आणि ती डार्मश्टाटला पीएचडी करून लग्नानंतर इकडे आलेली. त्यांनी मला सोलापुरी चादरींत गुंडाळून ट्रेलरवर घातले आणि एका शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये आणले. ब्रेनर यांनी एकच मागितले: दर शनिवारी येऊन नुसते बसू द्या. थोडेफार दिसते आहे तोवर त्यांना मला उडताना पाहायचे होते.

ते बसने यायचे, सोबत घरचा केक. खुर्चीवर बसले की विचारायचे, डावा ठीक आहे ना? पुष्कर माझ्यावरून हात फिरवून म्हणायचा, “आलेस गूट, हेर ब्रेनर,” सगळे ठीक आहे. ईप्सिताशी बोलताना तो त्यांना काका म्हणे, आणि माझ्या सफाईचे गोडवे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. प्रत्येक कौतुकाला मी मनात म्हणे: अरे, आत बघ की एकदा.

उजवा पंख पुष्कर आणि ईप्सिताने मिळून बांधला. रविवारी या देशात ठोकाठोक चालत नाही, म्हणून शनिवारी दिवसभर. ठोकळा ईप्सिता धरायची. तिच्या बोटांना हळूहळू नुसत्या स्पर्शाने शेपटी कळू लागली. एकदा दिव्याची वायर ओढायला तिने माझ्या झडपेतून हात घातला, आणि तो त्या शेवटच्या रांगेवर थांबला. ब्रेनर समोरच बसलेले. तिने हात काढून घेतला आणि पुसला. ते गेल्यावर तिने सांगितले, तेव्हा पुष्करने आरसा आणि टॉर्च घालून पाहिले. त्याचा चेहरा उतरला. जवळजवळ सगळी रांग वाकडी होती.

मित्रांनो, आता हा मला उघडेल असे मला वाटले. पण त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. मोठ्यांच्या कामात खोट काढायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेले. आणि हे काम तर एका म्हाताऱ्या माणसाने बायकोच्या दुःखात केलेले. पुढच्या शनिवारी ब्रेनर यांनी विचारले, आणि तो दुसरीकडे बघत पुन्हा “आलेस गूट” म्हणाला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. भीड भिकेची बहीण, ती अशी. माझा जीव दोन्हीकडून टांगणीला. उघडले नाही तर आभाळात माझी ही शिवण सुटेल. उघडताना भोके मोठी झाली तर मी भंगारात जाईन.

शेवटी ईप्सिताच बोलली. आवाज चढवला नाही.

“पुष्कर, तू काकांचं मन जपतोयस, ते मला कळतं. पण टेस्टिंग झाल्यावर शेजारच्या सीटवर मी बसणार आहे ना? मग माझा जीव कोण जपणार?”

पुढच्या शनिवारी त्याने कॉफी केली, ब्रेनर यांच्यासमोर स्टूल ओढले आणि त्यांनी विचारायच्या आत सगळे सांगून टाकले. ब्रेनर यांनी कप खाली ठेवला. मला वाटले, संपले. आता हा माणूस पुन्हा येणार नाही.

“मला शंका होतीच,” ते म्हणाले. “त्या वेळी आतून धरायला कोणी नव्हतं. उघडून बघायचा मला धीर झाला नाही. म्हटलं, घेणारा उघडेल. आणि तू तर दर वेळी सांगत होतास, सगळं ठीक आहे.”

पुष्करने मान खाली घातली. मित्रांनो, बघा, दोघेही भली माणसे, आणि दोघांच्या भलेपणात ईप्सिताचा जीव जाणार होता.

मग त्यांनी ती रांग काढली. प्रत्येक रिव्हेटला ड्रिल लागले की मी थरथरे. काही भोके थोडी मोठी झाली, तिथे जाड रिव्हेट घालावे लागले, पण पत्रा वाचला. नवी रांग ठोकायच्या वेळी ब्रेनर यांनी कोट काढला, बाही वर केली आणि ठोकळा मागितला. ठोकळा धरायला डोळे लागत नाहीत, म्हणाले. पुष्करने गन चालवली. रांग झाल्यावर ईप्सिताने आत हात घालून एकेक शेपटी चाचपली. ब्रेनर बाजूला उभे होते, परीक्षेच्या निकालाला पोरे उभी राहतात तसे. तिचा हात थांबला. तिने पुष्करकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

“हेर ब्रेनर, दोन वाकलेत. परत करावे लागतील.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले, आणि त्यांनी हात पुन्हा आत घातला.

अजून तपासनीस यायचे आहेत. मग पहिले उड्डाण. भीती मला आहेच, ती काही जायची नाही. पण मित्रांनो, उद्या कुणाचे अर्धे राहिलेले काम तुमच्या हाती आले, तर ज्याने ते केले त्याचा मान जरूर ठेवा, त्याला कॉफी द्या, त्याचा केक खा. फक्त काम उघडून बघा. माझे मन राखू नका. माझ्या भरवशावर कोणीतरी बसणार आहे.