मंत्राने जागा होणारा प्रिंटर

सावली गावच्या बाजारात भागीरथाबाईंच्या कॉम्प्युटर सेंटरपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. आत मांत्रिक लच्छू महाराज सकाळपासून मुका पडलेल्या प्रिंटरपुढे बसलेले. त्यांनी प्रिंटरच्या वायरीला बांधलेला लाल धागा सोडला, वायर उपटली, टोकाला अंगारा लावला, "ओम् फट् विद्युत, उठ रे भूत!" म्हणत परत खोचली. दिवा हिरवा! लग्नपत्रिका सरसर बाहेर. गर्दीचे हात जुळले.

"पण बाई," धागा बांधत महाराज म्हणाले, "यंत्रावर परधर्माची सावली हाय. त्या पोरीले आजच घरी धाडा."

पोरगी म्हणजे ऑपरेटर तबस्सुम. मागच्या खेपेला महाराजांच्याच सांगण्यावरून बाईंनी तिला चारचौघांत खुर्चीवरून उठवून मागच्या खोलीत कागद कापायला बसवलं होतं. बाईंचा एकही सोमवार, एकही चतुर्थी चुकत नसे. त्यांना वाटलं, आपण देवाचंच ऐकतोय.

पत्रिका न्यायला आलेली स्वाती चंद्रपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. प्रिंटर मुका.

"महाराज, आता वायरले हात न लावता मंत्र म्हणा."

"मंत्र काय फर्माईशीचं गाणं हाय?"

"म्हणा ना, लाजता काऊन?" गर्दीतून रामाजी ओरडला.

महाराज घाम फुटेस्तोवर म्हणाले. दिवा काही लागेना.

"बाई, आता तुम्ही वायर काढून परत लावा. मंत्र नको, अंगारा नको."

बाईंनी धागा सोडला, वायर काढून परत लावली. दिवा हिरवा.

"माझाच मंत्र उशिरा लागला!" महाराज म्हणाले.

"एस.टी.नं आला काय?" रामाजीने विचारलं. हशा पिकला, तेवढ्यात महाराज सटकले.

स्वातीने समजावलं, "कॉम्प्युटर उठला का त्याचा गाभा, कर्नेल, पहिले जागा होते. या प्रिंटरचा खरा ड्रायव्हर, म्हणजे त्याले चालवणारा प्रोग्राम, वेगळं मॉड्यूल, सुटा तुकडा म्हणून मागून येते. तोवर एक कामचलाऊ ड्रायव्हर प्रिंटरले धरून बसते अन् सोडत नाई. वायर काढली का पकड सुटते. परत लावली का खरा धरते. पहिलेपासून असं होतं काय?"

"नाई. दसऱ्यापासून..." बाईंनी लाल धाग्याकडे पाहिलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा करून, पुजलेली वायर कोणी काढू नये म्हणून त्यांनीच तो धागा बांधला होता. त्याआधी तबस्सुम रोज कॉम्प्युटर सुरू झाल्यावर वायर लावायची. बाईंचा शब्द मोडायचा नाही म्हणून तिने धाग्याला कधी हात लावला नाही.

स्वातीने खरा ड्रायव्हर आधी येईल अशी सोय केली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. प्रिंटर आपणहून जागा झाला. बाई मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"चाल बेटा, खुर्चीवर बस."

तबस्सुमने कात्री खाली ठेवली नाही. "बाई, उठवलं सगळ्याईपुढं. बसवता गुपचूप?"

बाई मागे फिरल्या. गर्दीपुढे उभं राहताना मान वर होईना.

"देवाले मी उद्याही हात जोडीन. पण या पोरीचं नाव देवानं नाई, त्या माणसानं सांगितलं होतं. मी एका शब्दानं विचारलं नाई. तिचा काई दोष नव्हता, माझा होता. तुम्ही विचारत जा. चमत्कार दाखवला तं कसा केला विचारा. अन् कोणावर बोट ठेवलं तं पुरावा मागितल्याबिगर हलू नका."

तबस्सुम बाहेर आली, खुर्चीवर बसली आणि पुढची पत्रिका छापायला घेतली. बाईंकडे तिने पाहिलं नाही. पाहावं, असं म्हणायचं तोंड बाईंना उरलं नव्हतं.