रामकुंडावरची खोटी खूण

मी एक खूण आहे. मोबाइलच्या नकाशावरची, तांबडी, थेंबाएवढी. नाशकात द्वारका चौकाजवळ खंडेराव सोनार देवांचे टाक घडवतात. टाक म्हणजे कुलदैवताची प्रतिमा ठोकून उठवलेला चांदीचा लहानसा पत्रा. त्यांच्या दुकानावर माझा जन्म झाला.

खंडेराव स्नान केल्यावाचून हातोडीला शिवत नसत. एखादे गिऱ्हाईक विचारी, "काका, मोबाइलवर चार चांगले शब्द लिहू का?" ते हात जोडत. "देवाच्या कामाची वाहवा माझ्या नावावर कशाला, बाबा?" त्यामुळे माझ्याखाली पसंतीचा एकही तारा नव्हता आणि शोधाच्या यादीत मी फार खाली असे. मला त्याची खंत नव्हती.

खंत त्यांच्या मुलाला, दीपकला होती. "अण्णा, लोक वरची तीन नावं बघतात. खाली कोण मरायला येतंय?"

त्याने एक जाणकार गाठला. दुकान शोधणाऱ्याच्या जवळ असावे, तो शोधतो तेच काम तिथे होत असावे, लोकांनी बरे म्हटलेले असावे; वर चढण्याच्या या वाटा मुळात सरळ होत्या. त्या माणसाने तिन्ही नासवल्या. खंडेरावांच्या नावाला 'नाशिक नंबर वन टाक' अशी शेपटी जोडली. दोनशे स्तुती विकत आणल्या, त्यांतली एक म्हणे, "रस्सा झणझणीत, पुन्हा येऊ." मग भाविकांची गर्दी असते त्या रामकुंडावर मला नेऊन ठेवले, मुतारीच्या भिंतीवर. त्या दुर्गंधीत मी पहिली आले. स्वतःची एवढी किळस मला कधी वाटली नव्हती.

इगतपुरीच्या कुसाबाई नातवाच्या लग्नाआधी झिजलेले टाक नवे करायला निघाल्या. जुनी चांदी नव्या टाकात मिसळायची, म्हणजे देव तोच राहतो, अशी त्यांच्या घरची रीत. मी त्यांना भिंतीपाशी आणले. तिथे दुकान विचारताना एक ठक भेटला. "खंडेराव मीच," म्हणाला, जुने टाक घेतले आणि तासाभराने यंत्रावर छापलेले पातळ पत्रे देऊन गेला.

एकाचा कोपरा बोटानेच दुमडला, तेव्हा बाईंनी माझ्याखालचा फोन नंबर लावला. तेवढा खरा होता. त्या द्वारकेला आल्या.

"बाबा, हे तुमच्याच हातचे ना? मोबाइलात तर रामकुंडावर तुमचंच नाव व्हतं."

"बाई, जुने टाक कुठंयत?"

"त्यानंच ठेवले. वितळवतो म्हणला."

दीपक पुटपुटला, "अण्णा, फसवलं त्यानं. आपला काय दोष?"

"आणि खूण कुणी हलवली रे?"

दीपकने तिथेच मोबाइल काढला. त्याच दिवशी त्याने मला जागेवर आणले, शेपटी तोडली, विकतची स्तुती काढायला लावली. घाटावर तीन दिवस शोधूनही ठक सापडला नाही. खंडेरावांनी आपल्या देवघरातला टाक कुसाबाईंपुढे धरला. "ही चांदी मिसळून घडवून देतो."

त्यांनी तो कपाळाला लावला आणि परत दिला. "ह्यो तुमचा देव, बाबा. माझा गेला."

वाचकहो, ज्या दुकानाची पायरी चढला नाहीत, त्याची स्तुती लिहू नका. तुमच्या त्या एका खोट्या ओळीच्या भरवशावर कुणीतरी आपला देव पदरात बांधून घराबाहेर पडलेले असते.