एक माप पावडर

ताईने कोरफडीचं पान बुडाशी कापलं आणि कापलेली बाजू खाली करून बेसिनच्या कडेला उभं टेकवून ठेवलं. पानातून पिवळट चिकट रस थेंब थेंब गळायला लागला.

"हा आधी सगळा निथळू द्यायचा," ती म्हणाली. "लोकांना घाई. हा पिवळा रस लागला ना, की धडधाकट माणसाच्या अंगालाही आग सुटते."

बारकी टॉवेल छातीशी धरून, पाठ उघडी टाकून स्टुलावर बसली होती. वय एकसष्ट, पण ताईच्या तोंडी तिचं नाव काही मोठं झालं नव्हतं. ताई तिच्याहून आठ वर्षांनी थोरली. छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. वॉर्डातले पेशंट, त्यांचे नातेवाईक, झाडूवाला, डॉक्टर, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. 'अख्ख्या जगाची सिस्टर, आणि सख्ख्या बहिणीची मात्र नुसती ताई,' हा बारकीचा जुना विनोद. नवरा गेल्यावर बारकी या घरात राहायला आली, त्यालाही आता आठ वर्षं होत आली होती.

"अजून किती वेळ निथळायचंय? मला राहवत नाहीये."

"खाजवलंस तर हात बांधून ठेवीन. वॉर्डात ठेवलेत मी बांधून."

ठेवले असतील, याबद्दल बारकीला शंका नव्हती.

चट्टे उठायला लागून दोन महिने झाले होते. गळ्याभोवती, काखेपाशी, कमरेला, जिथे जिथे कपडा अंगाला घासत होता तिथे कातडी लाल होऊन भुरभुरत होती. बारकीची कातडी लहानपणापासून नाजूक. उन्हात गेली तरी पुरळ यायची. ताईने लगेच सूत्रं हाती घेतली. ओट्सचं पीठ पातळ फडक्यात बांधून कोमट पाण्यात पिळायचं आणि त्या पाण्याने अंघोळ. मग कोरफडीचा गर. तो सुकला की खोबरेल. यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची बोटं पाठीवरून फिरली की घटकाभर सगळं निवायचं. दुसऱ्या दिवशी धुतलेले कपडे अंगावर चढले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी दोघी त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती, पण घाईतली नव्हती. भिंग लावून तिने एकेक चट्टा पाहिला. ती विचारायची बारकीला आणि उत्तर द्यायची ताई.

"तुम्ही करताय ते बरोबर आहे," डॉक्टर म्हणाली. "कोरफड, ओट्स यांनी थंडावा मिळतो, चालू ठेवा. पण ही झाली आग विझवायची सोय. काडी कोण लावतंय ते शोधायला हवं. काम काय करता?"

"ग्रंथालयात जुनी पुस्तकं बांधते," ताईने उत्तर द्यायच्या आत बारकी म्हणाली. "सरस, खळ, कातडं, सगळ्यात हात असतात."

"मग पंधरा दिवस रजा घ्या. आणि एक वही करा. अंगाला काय काय लागलं, किती, केव्हा, आणि खाज कमी झाली की वाढली. साबण, तेल, कपडे कशात धुतले, सगळं. काही वगळू नका."

"चार्ट," ताई समाधानाने म्हणाली. "मी लक्ष ठेवते हिच्यावर. एक नोंद चुकणार नाही."

वही विकत आणणं बारकीला कमीपणाचं वाटलं असतं. तिने घरीच चांगले कागद दुमडले, शिवले आणि निळ्या कापडाचं पुठ्ठ्याचं कव्हर चढवलं. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती रकाने भरायची. ताई येता-जाता खांद्यावरून डोकावून अक्षर तपासायची.

पाचव्या दिवशी ती अशीच लिहीत बसली होती. कपड्यांचं मशीन समोरच, मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात. ताईने कपडे भरले. पावडरीच्या डब्यातून माप भरून घेतलं, बोटाने वरची पावडर काठाला सपाट केली, अर्धा चिमूटही जास्त नको अशी, आणि मशीनच्या कप्प्यात ओतली. मग मागच्या दाराबाहेरच्या कुंड्या सुकल्यात असं म्हणत ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

परत आली, हात पुसले, डबा उघडला, माप भरलं, बोटाने सपाट केलं, ओतलं.

बारकीला वाटलं, मघाशी आपलंच लक्ष नसेल. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. शेजारीण वर्तमानपत्र परत द्यायला आली होती. दारातच दोघींच्या पाच मिनिटं गप्पा झाल्या. ताई हसत आत आली, मशीनसमोर उभी राहिली.

"बघ, पावडर घालायची राहिलीच," ती म्हणाली आणि तिसरं माप भरलं. तसंच. बोट काठावरून तसंच फिरलं, हळू, काळजीपूर्वक.

बारकीने पेन खाली ठेवलं. त्या बोटात इतकी शिस्त होती. वेंधळेपणाने कोणी भसकन पावडर ओतली असती तर ती ओरडली असती, थट्टा केली असती. पण असं, एकेक माप जणू पहिलंच, याला काय म्हणायचं तिला सुचेना.

ताई अंघोळीला गेल्यावर तिने कपाटातला आपला एक धुतलेला ब्लाउज घेतला आणि टबात बुडवला. पाणी दुधासारखं झालं. ते ओतून दुसरं घेतलं, तरी फेस. चौथ्या पाण्याला कुठे टबाचा तळ दिसायला लागला.

त्या दिवशी तिने वहीत लिहिलं: 'कपडे धुणे. पावडर – तीन मापं.'

मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आजवर हसण्यावारी नेलेली. एकाच जेवणात ताईने समोरच्या घरातल्या मांजरीची तीच हकिगत दोनदा सांगितली होती. ग्रंथालय किती वाजता सुटतं, हे आठ वर्षांनी हल्ली रोज विचारायला लागली होती. बारकी म्हणायची, वय झालं तुझं, आणि ताई म्हणायची, तुझं काय कमी झालंय. मग दोघी हसायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वही पुन्हा उघडली. ही वही डॉक्टर ताईसमोर वाचणार. ताईने नाकावर कधी माशी बसू दिली नव्हती. चुकीचं औषध, चुकीचा डोस, चुकीचा पेशंट, छत्तीस वर्षांत एकदाही नाही, हे ती अभिमानाने सांगायची. बारकीने कामाच्या पिशवीतली पातळ सुरी काढली. पुस्तकांवरचे डाग काढताना कागद फाटू न देता वरचा पापुद्रा कसा खरवडायचा हे तिच्या हाताला माहीत होतं. 'तीन मापं' गेली. नखाने कागद घोटून त्या जागी तिने लिहिलं: 'एक माप'.

त्यानंतर कपडे वाळायला घालण्याआधी ती ते गुपचूप न्हाणीघरात नेऊन तीन-चार पाण्यांतून काढायला लागली. ताई बाहेरून दार वाजवायची.

"मुक्काम ठोकलास की काय आत?"

"अंघोळ करतेय!"

"सकाळी केलीस ती काय होती मग?"

ही गोष्ट मात्र ताईच्या बरोबर लक्षात असायची.

आठवडाभरात चट्टे फिके झाले. कातडीची भुरभुर थांबली. ताईचा आनंद पोटात मावेना. तिने शेजारणीला कुंपणापलीकडून कोरफड कशी कापायची ते सविस्तर समजावलं. दोन दिवसांनी पुन्हा समजावलं. शेजारीणही भली बाई, तिने दोन्ही वेळा तितक्याच लक्षाने ऐकलं, आणि मग बारकीकडे क्षणभर पाहिलं. बारकीने नजर फिरवली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरने भिंगातून मान पाहिली आणि ती खूश झाली.

"कोरफड," ताई म्हणाली. "दुसरं काही नाही."

डॉक्टर हसली आणि वही वाचायला लागली. एकेक पान सावकाश. "खाणं तेच. साबण तोच. पावडर रोज एकच माप, म्हणजे तीही नाही." तिने वही मिटली. "मग एकच गोष्ट बदलली आहे, काम. तुम्ही सरसापासून दूर राहिलात आणि बरं वाटलं. पाठीवर पट्ट्या लावून एक तपासणी करू, पण तोवर बाइंडिंग बंद. स्पष्टच सांगते, कदाचित कायमचं बंद करावं लागेल."

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बारकी म्हणाली, "बरं."

"बरं?" ताई तिच्याकडे वळली. "नुसतं बरं?"

"डॉक्टर म्हणतायत तर…"

"नवरा गेला त्याच्या तेराव्या दिवशी तू कामावर गेली होतीस. तीस वर्षं त्या सरसात हात घालून बसलीस, तेव्हा कधी अंगावर एक फोड नाही. आणि आता बरं?" तिने हात पुढे केला. "ती वही बघू."

"ताई, राहू दे ना. झालंय सगळं सांगून."

ताईने वही घेतली, चष्मा चढवला. वाचताना प्रत्येक ओळीखालून बोट सरकवायची तिला सवय होती. पाचव्या दिवशीच्या पानावर ते बोट थांबलं. मागे आलं, त्याच जागेवरून पुन्हा गेलं.

"इथे खरवडलंय."

बारकीने वही परत घ्यायला हात पुढे केला.

"चार्टवर खाडाखोड दिसली, की आम्ही आधी तेवढंच वाचायचो," ताई डॉक्टरला म्हणाली. ती उठून खिडकीशी गेली आणि पान उजेडासमोर धरलं. खरवडल्या जागी कागद पातळ झाला होता, आणि पेनाचा दाब मागच्या बाजूने उमटलेला होता. तिने बराच वेळ पाहिलं. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"तीन," ताई म्हणाली. वळली नाही. "मशीनमध्ये पावडर मी घालते."

"ताई…"

"मी तीनदा घातली?"

बारकीला खोटं बोलायचं होतं. पण आवाज निघाला तो खरा. "हो."

"एकाच दिवशी?"

"त्या एकाच दिवशी मी पाहिलं. बाकीचे दिवस मी बघायचंच टाळलं. नुसतेच कपडे पिळून काढले."

"म्हणजे तुझी पाठ मीच भाजत होते. आणि वर कोरफड लावत होते."

"एखाद-दुसरं विसरायला सगळ्यांनाच होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली.

"डॉक्टर, मला नका समजावू. हेच वाक्य मी नातेवाइकांना कितीदा ऐकवलंय." ताई परत येऊन खुर्चीत बसली. वही मांडीवर ठेवली. मग बारकीकडे बघून म्हणाली, "काम सोडणार होतीस?"

"हं."

"गाढव आहेस."

तिने हे इतक्या हळू म्हटलं, की बारकीला रडूच आलं. तिने पदराने नाक पुसलं. डॉक्टरने टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले आणि मग सांगायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर स्मृतीच्या तक्रारी पाहणारे डॉक्टर बसतात, चिठ्ठी देते. आधी रक्त तपासू. कधी कधी थायरॉइडने, एखाद्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही असं होतं, आणि ते भरून काढता येतं. दुसरं काही निघालं, तरी लवकर कळलेलं केव्हाही चांगलं. तिथे ते विचारतील, कधीपासून, काय काय होतं. आठवेल तेवढं लिहून नेलंत तर बरं.

ताईने मान हलवली. पेशंट दुसरंच कोणी असावं आणि आपण त्याच्या खाटेशी उभ्या असाव्यात, तशी तिची पाठ ताठ झाली. तिने वही उघडली, कोरं पान काढलं आणि ती बारकीपुढे सरकवली.

"लिही. माझं अक्षर हल्ली तिरकं जातं."

बारकीने पेन घेतलं.

"एक. मागच्या महिन्यात बसमधून उतरले आणि घर उजवीकडे की डावीकडे ते आठवेना. टपालपेटीला टेकून उभी राहिले, चपलेचा पट्टा नीट करतेय असं दाखवत. आठवलं मग. पाच मिनिटं लिही. दहा लिही."

बारकीने दहा लिहिलं.

"दोन. माणसांची नावं जातात. म्हणून मी हल्ली सगळ्यांना 'अगं बाई' म्हणते. तुझ्या लक्षात आलं नाही?"

"मला वाटलं, तू प्रेमळ झालीस."

ताईला हसू आलं. डॉक्टरलाही.

"तीन. माझं घड्याळ पिठाच्या डब्यात सापडलं. तू कामावर होतीस. धुऊन, पुसून हातात घातलं, तुला बोलले नाही. तारीख विचारतील, थंडीचे दिवस होते एवढं लिही."

पेन कागदावरून चालत होतं. लिहून झालं तशी बारकीने मान वर केली.

"चार," ताई म्हणाली.

ती थांबली. तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. अंगठ्याने ती एकेक बोट मोजत गेली आणि चौथ्यावर अडली.

"होतं," ती म्हणाली. "चौथं होतं. आता येताना, जिना चढताना, डोक्यात होतं माझ्या."

कोणी घाई केली नाही. बारकीने चार हा आकडा घातला, त्याच्यापुढे एक ओळ मोकळी सोडली, आणि पेन तसंच धरून ती बसून राहिली.