पंधरा देश फिरलेली पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पंधरा देश फिरले. मित्रांनो, फिरले म्हणते, पाहिले म्हणत नाही, कारण प्रवासभर माझे झाकण बंद असे.

देशाच्या कलासंग्रहालयाच्या तळघरात एका सुताराने मला घडवले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी माझ्या आत चार बोटे जाडीचा फोम बसवला, कडांना रबर लावले आणि झाकणाला सोळा स्क्रू दिले. मी एकाच चित्रासाठी होते. देशातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रकाराने लाकडी फळीवर काढलेले त्याच्या आईचे चित्र. रंगाचे थर इतके जाड, की कपाळावरच्या आठ्या बोटाला लागत.

चित्रकार केव्हाच वारला होता. चित्र त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईंच्या, मालकीचे होते. ताईंची नजर गेली होती. जगाला दाखवायला चित्र द्या, असे सरकारने विचारले तेव्हा त्यांनी एकच अट घातली.

"भाऊ जगाचा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. आई मात्र माझी आहे. प्रत्येक फेरीनंतर मला तिच्या तोंडावरून हात फिरवू द्यायचा."

"फिरवा," मिस्त्री म्हणाले. "पेटी मीच नेणार, मीच आणणार."

तशा चौदा फेऱ्या झाल्या. परतल्यावर ताई तळघरात येत. स्टुलावर बसून कपाळ, भुवई, गाल असा क्रमाने हात फिरवत. "वाळली नाहीस गं," असे चित्राला म्हणत आणि मिस्त्रींकडे चहा मागत. परदेशात त्या चित्रावर लेख आले, पोस्टाची तिकिटे निघाली. माझ्या अंगावर शिक्क्यांचे कागद इतके चिकटले, की लाकूड दिसेना.

मिस्त्रींचा एक नियम होता. विमानाच्या पोटातली थंडी माझ्यात मुरलेली असते. म्हणून नव्या जागी पोचल्यावर मला पूर्ण एक दिवस बंदच ठेवायचे. खोलीची ऊब हळूहळू आत जाते आणि फळीला धक्का बसत नाही. एकदम उघडले, तर फळी फुगते आणि तिच्यावरचा रंग सुटतो.

पंधराव्या फेरीत विमान अकरा तास उशिरा पोचले. परक्या राजधानीत आपल्या कलेचा मोठा सप्ताह होता आणि दोन तासांनी मंत्री उद्घाटनाला येणार होते. आपल्या सरकारचे प्रसिद्धी अधिकारी घड्याळ बघत माझ्याभोवती फिरत होते.

"मिस्त्री, उघडा."

"साहेब, हात लावून बघा. बर्फ आहे नुसता. उद्या याच वेळेला उघडू."

"मग आज मंत्र्यांना काय भिंत दाखवू? चौदा वेळा नेलंत, कधी काही झालं का?"

"चौदा वेळा थांबलो, म्हणून नाही झालं."

"पेटीचा मूड सांभाळायला नाही आणलंय तुम्हाला. तुम्ही उघडत नसाल तर इथली माणसं उघडतील."

त्या माणसांच्या हातात पहार होती. मिस्त्रींनी ती पाहिली आणि सोळाही स्क्रू स्वतः काढले.

दालन दिव्यांनी तापले होते. चित्र भिंतीवर चढले, मी कोपऱ्यात उघडी पडले, भाषणे सुरू झाली. तिसऱ्या भाषणात बारीक टकटक ऐकू आली. ती माझ्याखेरीज मिस्त्रींनीच ऐकली. कपाळाचा रंग फुगला, फाटला आणि गालापर्यंतचा तुकडा खाली पडून चुरा झाला. एक पाहुणे जवळ येऊन म्हणाले, या उघड्या लाकडात एका देशाने सोसलेले दुःख दिसते. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. पुढे ते वाक्य अहवालात छापले गेले. सप्ताह यशस्वी झाला, असेही त्यात होते.

परतल्यावर ताई आल्या. स्टुलावर बसल्या. हात कपाळाच्या जागी गेला आणि थांबला.

"मिस्त्री, हे काय लागतंय?"

"फळी आहे, ताई. रंग पडला."

"कुणी उघडली पेटी?"

"मीच उघडली."

"थांबला नाहीत?"

"नाही."

त्यांनी गालाच्या जागी हात नेला. तिथेही फळीच होती. त्या दिवशी त्यांनी चहा मागितला नाही.

महिन्याभराने ताईंना तळघरात बोलावून अधिकारी चित्राची छापील प्रत चौकट करून घेऊन आले. "हुबेहूब आहे, ताई. एकेक सुरकुती दिसते."

ताईंनी प्रतीवरून एकदा हात फिरवला. "काच आहे ही," त्या म्हणाल्या आणि काठी शोधू लागल्या.

आता जगभर तशीच बिनचौकटीची प्रत फिरते. तिची गुंडाळी काखेत मावते, तिला पेटी लागत नाही. खरे चित्र कपाटात पडून आहे. मिस्त्रींनी नोकरी सोडली. माझ्यात दिव्यांच्या वायरी ठेवतात.

मित्रांनो, आपल्याकडचे चांगले जगाला जरूर दाखवा. त्यासाठीच मला घडवले होते आणि त्याचा मला अभिमान होता. पण ते जपणारा माणूस "आज नको" म्हणाला, तर त्याचे ऐका. सोहळा एक दिवस पुढे गेला, तर चार खुर्च्या रिकाम्या राहतील, एवढेच. ताई मात्र काठी घेऊन गेल्या, त्या पुन्हा तळघरात आलेल्या नाहीत.