वरच्या खुणेच्या वर

मी एका डिझेल गाडीच्या इंजिनातलं तेल तपासायची पट्टी बोलतेय. मेकॅनिक लोक मला डिपस्टिक म्हणतात. बॉनेट उघडलंत की एक पिवळी कडी दिसते, ती ओढलीत की मी बाहेर येते. माझ्याकडे कुणी प्रेमाने पाहत नाही. चिंधीने पुसतात, आत खुपसतात, बाहेर काढतात आणि तोंडाकडे पाहून मान हलवतात.

कारखान्यात माझ्या टोकाशी दोन खुणा कोरल्या गेल्या. तेल खालच्या खुणेच्या खाली जाता कामा नये आणि वरच्या खुणेच्या वर चढता कामा नये, एवढंच माझं शिक्षण. अशा पोरीचा स्वभाव संशयी होणार नाही तर काय होणार? आत येणारा प्रत्येक थेंब कुठून आला, कशाला आला, हे मी विचारतेच.

पण माझे मालक भेटेपर्यंत मला वाटायचं, आपल्याइतकं संशयी जगात कुणी नाही.

मालक आणि मालकीणबाईंचं तळणीचं दुकान होतं. बटाट्याचे काप तळायचे, पिशव्या भरायच्या आणि गाडीतून शाळांच्या, कचेऱ्यांच्या कँटीनना पोचवायच्या. कढईतलं तेल काळपटलं की मालक ते फेकत नसत. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळाच थाटली होती. तेल गाळायचं, तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळायचा, खाली बसलेलं ग्लिसरीन काढून टाकायचं आणि वरचं पिवळं तेल पाण्याने धुऊन वाळवायचं. झालं घरचं बायोडिझेल! हातमोजे, चष्मा, गळ्यात तेल गाळायचं फडकं अशा थाटात मालक पत्र्याच्या खोलीतून बाहेर आले की मालकीणबाई म्हणायच्या, "आले शास्त्रज्ञ. आता जेवायलाही चष्मा लावूनच बसा."

त्यांची आधीची जुनी गाडी या तेलावर वर्षानुवर्षं धावली, तक्रारीचा शब्द न काढता. ती थकली तेव्हा मालकांनी मला, म्हणजे माझ्या गाडीला, घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी टाकीत तेच पिवळं तेल ओतलं.

मालकीणबाईंचे थोरले भाऊ गॅरेज चालवतात. दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचे आणि जेवणाआधी हमखास बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकायचे. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, "भाऊजी, जुन्या गाडीला काहीही पचत होतं. हिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी आहे. ती जाळी जाळून साफ करायला इंजिन मधूनमधून जास्तीचं इंधन सोडतं. डिझेल असेल तर त्याची वाफ होऊन जातं. तुमच्या तेलाची तशी वाफ होत नाही, ते सिलिंडरला चिकटून खाली इंजिनाच्या तेलात उतरेल. ऐका माझं."

मालकांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. मेहुण्याचा सल्ला म्हणजे फुकटचा उपदेश, असा त्यांचा जुना समज. गाडी छान पळत होती. वासही येत होता भूक लागेल असा.

मला मात्र लवकरच शंका आली. दर वेळी ती जाळी जाळून साफ झाली की वरून काहीतरी झिरपून खाली येत होतं. आपल्याकडे म्हणतात ना, कुठेतरी पाणी मुरतंय, तसं इथे तेल मुरत होतं. मी मुकी. माझं बोलणं म्हणजे अंगावरचा तेलाचा डाग, तो कुठपर्यंत आला एवढंच.

महिन्याने मालकांनी मला काढून पाहिलं. तेल वरच्या खुणेला टेकलेलं. मालकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! बायकोला बोलावून त्यांनी मला नाचवलं. ही गाडी थेंबभर तेल खात नाही, उलट साठवते, सांग तुझ्या भावाला, असं म्हणाले. जळून कमी व्हायची वस्तू वाढलीच कशी, हा प्रश्न त्यांना शिवला नाही. आनंदाच्या भरात माणसाला हिशेब आठवत नाही, हे मी तेव्हा शिकले.

पुढच्या वेळी तेल खुणेच्या वर चढलं होतं. आता मालकांच्या कपाळाला आठी पडली. जास्त तेलाने इंजिन बिघडतं एवढं त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी विचार केला, आणि विचार केला तो असा: गाडीला रविवारी हात लावतं कोण? मेहुणा. गाडी बिघडलेली हवी आहे कोणाला? मेहुण्याला, स्वतःचं म्हणणं खरं करायला. म्हणजे गुपचूप तेल ओततोय तोच.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. त्या रविवारी मालक मेहुण्याला जेवता जेवता बोलले, आणि नको तितकं बोलले. मालकीणबाईंचा भाऊ ताटावरून उठला. दारात बहिणीला एवढंच म्हणाला, "मी आलो की यांच्या घशात घास अडकतो. आता नाही येणार मी." त्यानंतर रविवारी अंगणात त्याच्या स्कूटरचा आवाज आला नाही. मालकीणबाई त्या दिवशी नुसत्याच भांडी घासत राहिल्या. बॉनेट उघडंच राहिलं होतं, खिडकीतून मला फक्त त्यांचे हात दिसत होते, घासलेलंच भांडं पुन्हा घासणारे.

मालकांनी मग नळी घालून, माझ्याच जागेतून, वाढलेलं तेल ओढून काढलं. गेलं ते चांगलं तेल आणि झिरपत राहिलं ते पातळ. हा उपाय त्यांनी पुन्हा पुन्हा केला. माझ्या अंगावरून आता तेल पाण्यासारखं ओघळायचं. मला भीती वाटायला लागली. भीती वाटते असं पट्टीने म्हणू नये, पण वाटली.

मेहुणा बंद झाला, तरी तेल चढतच राहिलं. तेव्हा मालकांच्या मनात जे आलं ते सांगताना माझीच कडी लाजेने वाकते. घरात उरलं कोण? गाडीची किल्ली असते कोणाजवळ? भावाच्या बाजूने रुसून बसलंय कोण?

एका सकाळी बायको आंघोळीला गेल्यावर मालक बॉनेट उघडून उभे राहिले. तेल ओतायच्या झाकणावर त्यांनी पारदर्शक चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला, अर्धा झाकणावर, अर्धा इंजिनावर. झाकण फिरवलं की पट्टी फाटणार आणि चोर सापडणार. मी शेजारीच होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास बांधताना मी साक्षीला!

त्यानंतर मालकीणबाई गाडी चालवेनाशा झाल्या. जवळच्या ऑर्डरी त्या पिशव्या उचलून पायी पोचवायला लागल्या. मालकांनी त्याचाही अर्थ लावला. चोराच्या मनात चांदणं, असं ते बॉनेटमध्ये तोंड घालून पुटपुटले. रोज दबक्या पावलांनी येऊन चिकटपट्टी तपासायची आणि परत जायचं, हा त्यांचा परिपाठच झाला.

आणि मग ती सकाळ आली. कँटीनच्या पिशव्या भरून गाडी निघाली, आणि चढावर इंजिन आतून ठोकायला लागलं. ठक, ठक, ठक. मालकांनी कशीबशी गाडी परत अंगणात आणली. बॉनेट उघडलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती, एक कोपराही सुटलेला नव्हता. त्यांनी मला ओढून काढलं. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर.

मग मालकांनी मला नाकाशी नेलं. माझ्या अंगाला त्यांच्याच कढईचा वास येत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझा वास घेतला. एका हातात मी, दुसऱ्या हाताने ते घाईघाईने चिकटपट्टी खरवडायला लागले.

"काढली का?"

स्वयंपाकघराच्या दारात मालकीणबाई उभ्या होत्या.

"काय काढली?"

"माझ्यासाठी लावलेली ती. पहिल्याच दिवशी बघितली मी. काचा पुसायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं होतं. त्या दिवसापासून किल्लीला हात लावला नाही. म्हटलं, फाटली तर माझ्यावर येईल." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला विचारलं असतं तर मी रागावले असते आणि विसरले असते."

माझ्या टोकावरून तेल मालकांच्या बुटावर ठिबकत होतं, ते त्यांना कळलंही नाही. शेवटी ते म्हणाले, "आता काय करू?"

"दादाला फोन करा. आणि गाडीचं आधी बोलू नका."

त्यांनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "बोला भाऊजी. कशासाठी?" त्या एका शब्दात किती संशय होता म्हणून सांगू. मालकांनीच लावलेलं झाड ते.

"चुकलो मी," मालक म्हणाले. "रविवारी ये जेवायला. ती वाट बघते."

पलीकडून "बरं, येतो," एवढंच. मालकांनी गाडीचं नाव काढलं नाही. मेहुण्याने आपणहून विचारलं तेव्हाच सांगितलं.

इंजिन खोलावं लागलं, धुवावं लागलं, झिजलेल्या बेअरिंगा बदलाव्या लागल्या. आता टाकीत डिझेलच जातं. कढईतलं तेल मालक एका कारखान्याला देतात, तिथले लोक त्याचं काय करायचं ते करतात. रविवारी स्कूटर परत अंगणात लागते. मेहुणा माझ्याकडे पाहतो, मालक शेजारी उभे राहून ऐकतात, मध्ये बोलत नाहीत.

वाचकहो, एक विनंती करते. मला बाहेर काढाल तेव्हा तेल भरपूर दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते बोटावर घ्या, वास घ्या, आणि वाढलं असेल तर आधी गाडीला विचारा, मग घरातल्या माणसांना. संशय घ्यायला मी आहे. ते काम माझ्यावर सोडा, तुमच्या हातून ते फार वाईट होतं.

इंजिन आठवड्यात बरं झालं. मालकीणबाईंना वेळ लागला. रोज सकाळी पिशव्या भरल्या की मालक दारातून विचारायचे, "येतेस का बरोबर?" आणि आतून उत्तर यायचं, "तुम्ही व्हा पुढे." दिवसामागून दिवस हेच चाललं होतं. मालकांनी विचारणं सोडलं नाही.

आज आतून आवाज आला, "थांबा जरा, चप्पल घालते."

माझा अर्थातच विश्वास बसला नाही. मग गाडीचं दार उघडलं, लागलं, आणि माझ्याभोवतीचं तेल केसभर मालकीणबाईंच्या बाजूला कललं.