काम्वेंडोची उंदरीण

फायसन आता डॉक्टर आहे, उंदरांचा. औषध देणारा नव्हे, अभ्यास करणारा. देड्झाच्या डोंगराखाली आम्ही दोघे उंदीर खणतच वाढलो. कुदळ माझी, आणि बिळाच्या मागच्या तोंडाशी हात लावून बसायचा तो. खणणाऱ्याने घाम गाळायचा आणि उंदीर यायचा बसणाऱ्याच्या मुठीत. तेव्हा निम्मे निम्मे वाटून घ्यायचो.

शेपटीचं टोक पांढरं असलेली उंदरीण मात्र माझे बाबा, काम्वेंडो, मारू द्यायचे नाहीत. तिला उलटी धरून सड मोजून दाखवायचे. "शेतातलीला काखेपर्यंत रांगा असतात. हिला चारच जोड्या. पिल्लं थोडी जगवते बिचारी. जातच वेगळी आहे ही. सोड तिला."

दोन वर्षांपूर्वी फायसन शहरातून आला, तेव्हा मीच त्याला हे सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "बेस्टन, एक मारून दे मला. कवटी मोजतो, दात मोजतो. नवी जात निघाली तर नाव तुझ्या बाबांचं. एकदा छापलं की जगात कुणाला बदलता येत नाही."

बाबा नुकतेच गेले होते. आम्हाला मूलबाळ नाही, त्यांचं नाव पुढे चालवायला घरात कुणी नव्हतं. मी मारून दिली.

या जूनमध्ये, गवत जाळून झाल्यावर, तो छापील कागद घेऊन आला. वर उंदरिणीचं चित्र, खाली नाव. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. बाबांचं नव्हतं.

"हा कोण?"

"आमचे मोठे प्रोफेसर. माझी बढती त्यांच्या हातात होती रे."

"त्यांनी जिवंत पाहिलीय ही कधी?"

त्याने नकाराची मान हलवली.

"मग बदल."

"आता नाही बदलता येत. पहिलं छापलं तेच कायमचं."

बाबांचं नाव मी सगळ्या कागदभर शोधलं. शेवटी आभारात एवढंच होतं, 'एका स्थानिक उंदीरवाल्याच्या मदतीने'. तो मी. ज्याच्याबरोबर निम्मे वाटून खाल्ले, त्यानेच केसाने गळा कापला.

आणि वर त्याला आणखी एक हवी होती! एकीवर लोकांचा विश्वास बसेना. "ती शेतातलीच, जरा विचित्र निपजलेली, असं म्हणतात. दुसरी कवटी दे, बेस्टन. नाहीतर जात रद्द होईल, नावासकट."

"बघतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच खणायला गेलो. एक हाताला लागली. सड मोजले. चार जोड्या. सोडायला मूठ सैल केली होती, खरंच. मग आवळली.

दुपारी माझ्या बायकोने, एलूबीने, मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे गोळे आणि मिठात उकडलेले उंदीर वाढले. केस आणि शेपट्या जाळात गेलेल्या, त्यामुळे सगळे सारखेच दिसत होते.

"डोकं टाकायचं नाही हं, भाऊजी!"

"टाकणारा मी नव्हे, वहिनी!" फायसन लहानपणीसारखाच कडाकडा चावत होता. बोटं चाटून मला म्हणाला, "मग? मिळाली का?"

"मिळाली."

"कुठाय?"

मी त्याच्या रिकाम्या ताटाकडे बोट केलं.

तो कागद उचलून निघून गेला. मला वाटलं होतं, बरं वाटेल. बाबांनी जन्मात अशी एकही मारली नव्हती. त्यांच्या नावापायी मी दोन मारल्या.